ईजीआरच्या बिघाडासाठी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर: कुठवर कामाचा, कुठे थांबतो

डॅशबोर्डवर पिवळा इंजिन लाइट लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनिंग होतं, पी०४०१ असा कोड निघतो आणि उभ्या उभ्या निकाल लागतो: ‘ईजीआर व्हॉल्व्ह गेलाय, बदलायला लागेल.’ ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) म्हणजे एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणं, आणि हा व्हॉल्व्ह म्हणजे त्या रस्त्यावरची झडप. डिझेल गाडीला तो गाडीप्रमाणे काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत पडतो. आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की कोडने व्हॉल्व्हचं नाव घेतलेलंच नसतं. पी०४०१ एवढंच सांगतो की एक्झॉस्टचा जेवढा गॅस परत इंजिनात यायला हवा होता, तेवढा आला नाही. का आला नाही, हे शोधायचं अजून बाकी असतं.

ते शोधायला मोठं मशीन लागतं, असा समज आहे. निम्म्याहून जास्त शोध ऑनलाइन किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात चारशे ते हजार रुपयांत मिळणाऱ्या निळ्या ब्लूटूथ डोंगलवर लागतो. ईएलएम३२७ नावाच्या चिपवर चालणारा, काड्यापेटीहून थोडा मोठा हा डबा. इथे त्याची पारख एकाच कामासाठी केली आहे: ईजीआरचा बिघाड नेमका कुठे आहे हे तो सांगतो का? मायलेजचे काटे, शून्य ते शंभरचं टायमिंग वगैरे बाजूला ठेवलं आहे.

आधी खरेदी. डब्यावर किंवा ॲपमध्ये दिसणाऱ्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. ‘१.५’ ही आवृत्ती चिप बनवणाऱ्या मूळ कॅनेडियन कंपनीने काढलेलीच नव्हती, त्यामुळे तो आकडा छापलेला प्रत्येक डोंगल नक्कलच असतो. तरीही त्यातले बरेच नीट चालतात. ‘२.१’ म्हणून विकले जाणारे बहुतेक डोंगल मात्र अर्ध्या आज्ञा गाळतात, मध्येच कनेक्शन सोडतात, आणि ईजीआरची माहिती मागितली की गप्प बसतात. विक्रेत्याने ‘पीआयसी १८एफ२५के८०’ चिप असल्याचं लिहिलं असेल तर तो घ्यावा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ डोंगल घेऊ नये, तो जुळत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेलाच घ्यावा. अँड्रॉइडवर जोडताना पिन १२३४ किंवा ०००० असतो. टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्हीपैकी कुठलंही ॲप चालेल.

दुकानातून निघण्यापूर्वी एक चाचणी करून घ्या. डोंगल स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचून ॲपमध्ये गाडी कोणकोणते सेन्सर देते ती यादी काढा. ‘कमांडेड ईजीआर’ (झडपेला दिलेला हुकूम), ‘ईजीआर एरर’ (हुकूम आणि प्रत्यक्ष यांतला फरक), ‘मास एअर फ्लो’ (इंजिनात जाणारी ताजी हवा) आणि ‘मॅनिफोल्ड प्रेशर’ (इनटेकमधला हवेचा दाब) ही चार नावं दिसली तर काम झालं. २०१३ नंतरच्या गाड्यांत यातली निदान शेवटची दोन बहुधा सापडतात. पहिली दोन सगळ्या गाड्या देत नाहीत, पण तेवढ्याने अडत नाही, कारण खरी मदार हवेच्या आकड्यावर आहे.

डोंगल लावल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती ‘क्लिअर’चं बटण दाबण्याची. लाइट विझतो, बरं वाटतं, आणि पुरावा पुसला जातो. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती होता, लोड किती, पाणी किती तापलं होतं, हे गाडी ‘फ्रीझ फ्रेम’ नावाने साठवून ठेवते. त्याचा स्क्रीनशॉट आधी घ्या. हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पडलेला कोड आणि बायपासवर ऐंशीच्या वेगाने जाताना पडलेला कोड यांची कारणं वेगळी असू शकतात.

कोडचा अर्थ मेकॅनिकच्या भाषेत असा. पी०४०१ म्हणजे गॅस कमी येतोय, पी०४०२ म्हणजे नको तेव्हा किंवा नको तेवढा येतोय. पी०४०३, पी०४८९, पी०४९० हे विजेच्या सर्किटचे: वायर, कपलर (वायरचा खोचायचा जोड), कॉइल, मोटर. पी०४०४ म्हणजे कंट्रोल युनिटने सांगितलेली आणि व्हॉल्व्हने गाठलेली जागा जुळत नाही, म्हणजे बहुतेक वेळा कार्बनने झडप अडकलीय. पी०४०५ आणि पी०४०६ हे व्हॉल्व्हच्या जागेच्या सेन्सरचे, एकात सिग्नल फार खाली, दुसऱ्यात फार वर. सर्किटच्या कोडला कार्बन साफ करून काहीच होत नाही, आणि प्रवाहाच्या कोडला वायरिंग सोलून काही होत नाही. एवढा फरक कळला तरी डोंगलचे पैसे वसूल.

आता लाइव्ह डेटा, आणि डोंगलची खरी किंमत इथेच आहे.

सुरुवात इंजिन बंद, चावी ऑन अशी. मॅनिफोल्ड प्रेशर बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे आकडा ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. परदेशी व्हिडिओ बघून १०१ ची वाट पाहू नका. आला तर उलट तो सेन्सरच तपासायला हवा. हा एक आकडा बरोबर निघाला की पुढच्या गणिताला पाया मिळतो.

मग इंजिन पूर्ण गरम करा, पाण्याचं तापमान ८० च्या वर जाऊ द्या, एसी बंद, न्यूट्रल, पाय काढलेला. आता एअर फ्लो सेन्सरचा आकडा बघायचा. पण बघून ठरवायचं कशाच्या आधारे? त्यासाठी आपल्या गाडीचा आकडा आपणच काढावा. इंजिनाची लिटरमधली क्षमता गुणिले आरपीएम, भागिले १२०. त्याला हवेच्या घनतेने गुणायचं, आणि सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून शेवटी ०.८५ ते ०.९ ने. पुण्यात तिशीच्या तापमानाला घनता लिटरमागे सुमारे १.०८ ग्रॅम धरा. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत आलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन घेऊ. त्याची फियाटची आवृत्ती आपल्या शेजारीच, रांजणगावला बनायची. ८५० आरपीएमला १.२४८ गुणिले ८५० भागिले १२० म्हणजे सेकंदाला ८.८४ लिटर. घनता धरून ९.५ ग्रॅम. भरण्यातली घट धरून ८ ते ८.५ ग्रॅम. ईजीआर पूर्ण बंद असताना सेन्सरने सेकंदाला एवढी ताजी हवा दाखवायला हवी.

ईजीआर उघडला की सिलिंडरची काही जागा एक्झॉस्टचा गॅस घेतो, तेवढी ताजी हवा कमी येते, आणि आकडा खाली येतो, याच इंजिनात ढोबळमानाने ५ ते ६ पर्यंत. म्हणजे डोंगलला झडप दिसत नाही, पण झडपेने हवेची किती जागा खाल्ली ते दिसतं. झडप खरंच उघडली का, हे तपासायचा हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो हजाराच्या आतल्या वस्तूवर मिळतो.

पुढची पायरी: आकडा बघता बघता ईजीआर व्हॉल्व्हचा कपलर काढा. बहुतेक व्हॉल्व्ह वीज तुटली की स्प्रिंगने बंद होतात. आकडा ५.५ वरून ८ च्या पुढे चढला, तर झडप उघडत होती आणि नीट बंदही झाली. व्हॉल्व्ह बदलायचं कारण नाही. ५.५ ला होता आणि तिथेच राहिला, तर झडप उघडी अडकलीय. काळा धूर, मरगळलेला पिकअप, बीएस६ गाडीत डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) सारखा भरणं, हे सगळं तिच्यामुळेच. आणि सुरुवातीपासून ८ वरच असेल, कपलर काढूनही हलला नाही, तर गॅस येतच नाही: झडप बंद अडकलीय, तिला हुकूम पोचत नाहीये किंवा रस्ता तुंबलाय. काही गाड्या गरम आयडलला पाच-दहा मिनिटांनी ईजीआर स्वतःहून बंद करतात, म्हणून ही चाचणी इंजिन हलकं रेस करून सोडल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत करावी. कपलर काढल्याने सर्किटचा नवा कोड पडेल. तो पडणारच, घाबरायचं नाही, काम संपल्यावर पुसायचा.

एक फसगत इथे नेहमी होते. एअर फ्लो सेन्सरच मळला असेल तर तोही कमी हवा दाखवतो आणि बिचारा ईजीआर बदनाम होतो. ओळखायची खूण अशी: मळलेला सेन्सर ईजीआर बंद असतानाही कमी दाखवतो. म्हणून ३००० आरपीएमला पुन्हा गणित करा. याच इंजिनाला टर्बोचा दाब न धरता ३० ग्रॅमच्या आसपास यायला हवेत. मॅनिफोल्ड प्रेशर ९५ च्या जितक्या पट असेल तितक्या पटीने हा आकडा वाढवायचा. तिथेही वीस टक्क्यांहून जास्त तूट असेल तर आधी एअर फिल्टर आणि सेन्सर बघा. सेन्सर साफ करायला त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा, कार्बोरेटर क्लीनर नको. त्याने आतली नाजूक तार आणि तिच्यावरचा थर खराब होतो. शंका उरलीच तर इंजिन थंड करून ईजीआरच्या तोंडाशी पत्र्याची प्लेट तात्पुरती बसवा, दहा मिनिटं आकडे बघा आणि प्लेट काढून टाका. आकडा गणिताला आला तर सेन्सर निर्दोष.

रस्त्यावरची चाचणीही घ्यावी, मात्र फोन शेजारच्या माणसाच्या हातात द्या किंवा ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावा. स्वस्त डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे आणतो, म्हणून चार-पाच सेन्सरच निवडा, वीस निवडले तर सगळेच शिळे येतात. कात्रज-देहू रोड बायपासवर सपाट पट्ट्यात चौथ्या गिअरला साठच्या स्थिर वेगाने जाताना ‘कमांडेड ईजीआर’ वर असायला हवा. कात्रजचा घाट चढताना पाय दाबलात की तो शून्याकडे यायला हवा, कारण पूर्ण लोडला इंजिनाला सगळा ऑक्सिजन लागतो. चढावर हुकूम शून्य आहे आणि तरी हवा गणितापेक्षा कमी, पण मॅनिफोल्ड प्रेशर ठीक, असं दिसलं तर झडप बसत नाही. प्रेशरही पडलेलं असेल तर ईजीआर सोडा, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटलाय का, क्लिप ढिली आहे का, ते बघा.

‘ईजीआर एरर’ वाचताना एक आकडा लोकांना घाबरवतो: ९९.२ टक्के. हुकूम शून्याचा असताना झडप किंचितही उघडी दिसली की प्रमाणित नियमाप्रमाणे गाडी हाच आकडा दाखवते, कारण शून्याने भागता येत नाही. क्षणभर येऊन जात असेल तर काही नाही. हुकूम शून्य असताना तो तसाच चिकटून राहिला, तर झडपेखाली कार्बनचा खडा आहे असं समजा.

इथपर्यंत डोंगलला पैकीच्या पैकी. पुढे तो थांबतो, आणि कुठे थांबतो हे घेण्याआधी माहीत असायला हवं.

तो व्हॉल्व्हला ‘उघड, बंद हो’ असा हुकूम देऊ शकत नाही. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर लागणारं लर्निंग, म्हणजे गाडीला नव्या झडपेची ओळख करून देणं, त्याला जमत नाही. कंपनीचे स्वतःचे कोड त्याला बहुधा वाचता येत नाहीत. त्यासाठी दोन्ही बाजूंनी बोलणारा स्कॅनर लागतो, जो चांगल्या गॅरेजमध्ये असतो आणि घ्यायचा झाला तर पंधरा-वीस हजारांपासून पुढे. काही गाड्यांना मधला मार्ग आहे: फोर्डसाठी फोरस्कॅन, फियाटसाठी मल्टीईसीयूस्कॅन ही सॉफ्टवेअरं चांगल्या ईएलएम डोंगलवर कंपनीच्या आतल्या माहितीपर्यंत पोचतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या टीडीआयला व्हीसीडीएसची वेगळी केबल लागते. तिच्यात मेझरिंग ब्लॉक ००३ उघडला की अपेक्षित हवा, प्रत्यक्ष हवा आणि ईजीआरचा हुकूम एका ओळीत समोर येतात. या कामासाठी इतकी सोयीची मांडणी दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सर्किटचा कोड असेल तर डोंगल ठेवून मल्टिमीटर घ्या. तापकीर गल्लीत तीन-चारशेला मिळतो तो पुरतो. विजेच्या व्हॉल्व्हच्या कपलरला बहुधा पाच पिना असतात: दोन मोटरच्या, आणि जागेच्या सेन्सरला ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून, चावी ऑन करून गाडीच्या बाजूने ५ व्होल्ट येतात का बघा. मग जोडून सिग्नल मोजा: झडप बंद असताना साधारण १ व्होल्टच्या आसपास, उघडताना सलग चढत ४ कडे. मध्येच उडी मारली तर सेन्सरची पट्टी झिजलीय, तिथे साफसफाईने काही साधणार नाही. मोटरचा रोध काही ओहमच असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलीय. पुण्यात या सर्किटच्या बिघाडाला आणखी एक नेहमीचं कारण आहे: उंदीर. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते इंजिनाच्या उबेला येतात आणि वायर कुरतडतात. नवा व्हॉल्व्ह मागवण्यापूर्वी बॅटरी शेजारून खाली जाणारा हार्नेस (वायरींचा जुडगा) टॉर्च लावून, हाताने चाचपून बघा. पाण्याने हिरवा पडलेला कपलरही तोच कोड देतो.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हला हातपंप लावून अर्ध्या बारपर्यंत व्हॅक्यूम द्या. झडप उघडल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा आणि काटा मिनिटभर जागेवर राहायला हवा. उतरत असेल तर डायफ्रॅम फाटलाय. पंपाने झडप चालते पण गाडीत चालत नाही, तर दोष सोलेनॉइडचा (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या झडपेचा) किंवा उन्हाने तडकलेल्या बारीक रबरी नळीचा, आणि ती नळी मीटरच्या मापाने विकत मिळते.

डोंगलने गुन्हेगार झडपच ठरवली, तरी बदलण्याआधी ती काढून साफ करावी. शहरातल्या गाडीत ती तुंबते त्याचं कारण साधं आहे. ईजीआर सगळ्यात जास्त उघडा असतो कमी लोडला, म्हणजे सिंहगड रोडवर किंवा वाकडच्या पुलाखाली गाडी सरकत असते तेव्हा. त्या वेळी एक्झॉस्टही थंड असतो. त्यातली काजळी क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेशी मिसळते आणि डांबरासारखा थर धरते. उघडलेल्या पाइपमध्ये बोट घातलं तर नखाखाली काळा, चिकट गोळा येतो. कोरडी पूड आली तर ते बरं लक्षण.

बॅटरीची निगेटिव्ह काढून, थंड इंजिनावर व्हॉल्व्ह उतरवा. मोटरची बाजू वर, झडपेची खाली धरून थ्रॉटल बॉडी क्लीनर मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा. एका व्हॉल्व्हला निम्मा ते पाऊण कॅन लागतो. मोटरमध्ये द्रव जाऊ द्यायचा नाही आणि झडप स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही. आतले प्लास्टिकचे दात तुटतात आणि चांगला व्हॉल्व्ह भंगारात जातो. मॅनिफोल्डमधलं तोंड आणि ईजीआर कूलरचं (परत येणारा गॅस पाण्याने थंड करणाऱ्या भागाचं) तोंड बघितल्याशिवाय परत जोडू नका, कारण झडप लख्ख आणि रस्ता बंद अशी अवस्था फार वेळा असते आणि तोच पी०४०१ आठवड्यात परत येतो. गॅस्केट नवं घाला. जुनं गॅस्केट वाचवून शंभर-दोनशे रुपये उरतात आणि गळतीमुळे सगळं काम पुन्हा करावं लागतं.

कूलर काढलाच असेल तर पाण्याचा हिशेब लावा. बाहेर गळती नाही, तरी कूलंट महिन्याला उतरतोय, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय, तर कूलर आतून फुटलाय. हे डोंगलवर कधीच कळणार नाही. कूलिंग सिस्टिमला एक बारचा दाब देऊन तासभर थांबावं लागतं. फुटका कूलर साफ करून परत बसवणं म्हणजे इंजिनात पाणी सोडणं.

इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये मारायचे स्प्रे आणि नळी लावून गॅस सोडायची ‘डीकार्बनायझिंग’ सेवा यांची शिफारस या कामासाठी करता येत नाही. घट्ट बसलेल्या डांबराला ते उतरवत नाहीत. डिझेल इंजिनात तर जास्त मारलेला स्प्रे इंधनासारखा जळून इंजिन आपोआप रेस होऊ शकतं. ईजीआर कायमचा प्लेटने बंद करून देणारेही भेटतील आणि डिझेल गाडीची पीयूसी त्यावर पासही होईल, कारण तिथे धुराची घनता मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाही. पण हा भाग गाडीत आहे तो त्या ऑक्साइडसाठीच. सिलिंडरमधलं कमाल तापमान खाली आणून तो ते कमी करतो. बीएस४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमची मुभा होती, एप्रिल २०२० पासून बीएस६ ला ८० चीच आहे. प्लेट ठोकलेली गाडी ते सगळं आपल्याच रस्त्यावर, आपल्याच पोरांच्या नाकाच्या उंचीवर सोडते. निदानासाठी दहा मिनिटं प्लेट लावणं वेगळं, ती विसरून जाणं वेगळं.

काम झाल्यावर कोड पुसा, आणि लगेच निश्चिंत होऊ नका. ॲपमध्ये ‘रेडिनेस’चं (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारं) पान उघडा, ईजीआरसमोर ‘अपूर्ण’ दिसेल. गाडी थंड स्टार्टपासून गरम होईपर्यंत, शहरात थोडी आणि बायपासवर पंधरा-वीस मिनिटं, अशी दोन-तीन दिवस चालली की ते ‘पूर्ण’ होतं. त्याआधी ‘पेंडिंग’ कोड बघत राहा. लाइट लागायच्या आधी बिघाड तिथे डोकावतो. गॅरेजला दिलेली गाडी परत घेतानाही हेच पान आणि गरम आयडलचा हवेचा आकडा, कपलर लावून आणि काढून, समोर मागून घ्या. चांगला मेकॅनिक दोन मिनिटांत दाखवतो.

चाचण्या संपल्या की डोंगल सॉकेटमधून काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी डोंगल वीज खात राहतो, आणि आठ-दहा दिवस उभ्या असलेल्या गाडीला ते पुरेसं होतं.